मानव्यविद्यांचा खुला दिवस: लोकांना काय दाखवायचं?

प्रश्न: नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात मी मराठी शिकवते. कला आणि मानव्यविद्यांच्या व्याख्यानांचा एक दिवस यंदा पहिल्यांदाच सर्वांसाठी खुला ठेवायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. साठ हजार रुपये मिळणार आहेत. एखादा गाजलेला वक्ता बोलवा, असं वरून सुचवलं जातंय. विषय कोणते घ्यावेत? लोक येतील का? आले तर त्यांना काय मिळावं?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते. लोकांच्या हाती काय पडावं हे एकदा नक्की झालं की विषय, वक्ते, खोल्या, अगदी चहाची वेळसुद्धा त्यावरून ठरते.

मी ठाण्यात इतिहास शिकवला आणि निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षं असे दिवस भरवले. पहिलं वर्ष वाया गेलं. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून आम्ही द्वितीय वर्षाच्या मुलांना हजेरीच्या बोलीवर आणून बसवलं होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यांत पाऊण तास गेला. मग हजेरीचा कागद फिरला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला तशी मुलं एकेक करत मागच्या दाराने निघाली. वक्ते शिलाहार राजांबद्दल, म्हणजे जुन्या काळी कोकणावर राज्य केलेल्या घराण्याबद्दल, बोलत होते, मन लावून बोलत होते. वीस मिनिटांनी समोर उरलो आम्ही शिक्षक आणि तिसऱ्या रांगेत चरईतून आलेलं एक म्हातारं जोडपं. व्याख्यान संपल्यावर त्यातल्या आजी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "बाई, राजांची नावं, कोणी कोणाला गाव दिलं, सगळं सांगितलं त्यांनी. पण हे त्यांना कळलं कसं?"

पुढची पंधरा वर्षं मी त्या एका प्रश्नावर काढली. तुम्हालाही तोच घ्या असं सांगेन. प्रत्येक वक्त्याला एकच अट घाला: तुम्हाला काय कळलंय ते थोडं सांगा, कसं कळलं ते दाखवा.

गाजलेल्या वक्त्याबद्दल माझं मत यातूनच येतं. आपल्याकडे व्याख्यान ऐकायची सवय जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. ठाण्यात वि. ल. भाव्यांनी १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, ते आजही चालू आहे. जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला ठाणेकर ऑफिसातून परस्पर येऊन बसतात. श्रोता तयार आहे, त्याला वक्तृत्व ऐकायची ठिकाणंही आहेत. विद्यापीठाने तेच पुन्हा केलं तर त्यात विद्यापीठाचं असं काय राहिलं? तुमच्याकडे जे आहे ते व्याख्यानमालेकडे नाही. तुमच्याकडे शिक्षकाचं टेबल आहे, अर्धवटच वाचता आलेला जुना कागद आहे, एकाच ओळीचे दोन पाठ, म्हणजे दोन वेगळी रूपं, आहेत, दहा वर्षं वागवलेली एखादी शंका आहे. त्या टेबलाभोवती शहराला एक दिवस बसवायचं. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये १५३० पासून हेच चालत आलंय, तिथली व्याख्यानं कोणीही फुकट ऐकावीत, परीक्षा नाही, पदवी नाही. शिकागो विद्यापीठ दरवर्षी ऑक्टोबरातला एक शनिवार मानव्यविद्यांसाठी ठेवतं आणि त्या दिवशी बोलतात ते त्यांचेच प्राध्यापक, आपापल्या चालू कामाबद्दल. वरिष्ठांना उदाहरण हवं असेल तर हे सांगा. पाहुणा आणायचाच आग्रह झाला तर त्यांना शेवटच्या सत्रात तुमच्या शिक्षकाशी गप्पांना बसवा, उद्घाटनाला नको. उद्घाटन ठेवूच नका.

आता विषय. 'भारतीय साहित्यातील मानवतावाद' असला विषय कोणी सुचवला तर नम्रपणे परत करा. पाऊण तासाला एक वस्तू पुरते: एक दगड, एक पत्र, एक अभंग, एक गाणं, एक नकाशा. श्रोत्याच्या डोळ्यांसमोर किंवा हातात ती असली पाहिजे.

आजींच्या प्रश्नाला आम्ही दुसऱ्या वर्षी असं उत्तर दिलं. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याचं ते दानपत्र, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ मधलं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या शोधनिबंधांच्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं. आमच्या सहकाऱ्याने राजांची वंशावळ बाजूला ठेवली. शिलाहारांच्या दानपत्रांतल्या काही ओळी त्याने मोठ्या पुठ्ठ्यांवर मूळ अक्षरवळणात उतरवून घेतल्या आणि रांगारांगांतून फिरवल्या. लिपी नागरीच आहे. "यातलं 'श्री' शोधा," म्हणाला. दोन मिनिटांत सभागृहभर बोटं फिरायला लागली. मग दानपत्राचा साचा समजावला: आधी राजाचं कुळ, मग दान कोणाला, कुठलं गाव, त्याच्या चतुःसीमा, तिथी, आणि दान मोडणाऱ्याला शाप. चतुःसीमेत शेजारच्या गावांची नावं येतात म्हणून नकाशावर ती जागा शोधता येते. बऱ्याच दानपत्रांत ग्रहणाचा उल्लेख असतो, ते ग्रहण गणिताने तपासता येतं, म्हणून तारखेवर विश्वास ठेवता येतो किंवा ठेवता येत नाही. 'श्रीस्थानक' हे नाव अशा लेखांत वाचायला मिळतं म्हणून 'ठाणे' हे 'स्थानक'चं रूप आहे असं आपण म्हणू शकतो. आजी आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण तो पुठ्ठा मागून घेऊन गेल्या.

गावांच्या नावांवरून आठवलं. नावांची व्युत्पत्ती हा विषय लोकांना फार आवडतो आणि वक्ता त्यात लवकर वाहवतो. ऐकायला गोड वाटतं म्हणून कोणी नेरूळ-वाशीच्या कथा सांगायला लागलं तर जुना लेख, जुनं दफ्तर, जुना नकाशा यांतला एकतरी आधार दाखवायला सांगा. आधार नसेल तर ती कथा आहे असं म्हणून सांगावी. कथेलाही जागा आहे, फक्त तिला पुरावा म्हणू नये.

सगळ्यात जास्त प्रश्न आले ते गद्धेगाळीवर. ठाणे, नवी मुंबई आणि खाली कोकणात हे दगड आजही देवळाच्या आवारात, वडाच्या पारावर, कधी शेंदूर फासून देव म्हणून उभे असतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख किंवा कोरी जागा, खाली गाढव आणि स्त्री. सूर्य-चंद्र का? ते आहेत तोवर हे दान टिकावं म्हणून. आणि खालचं चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी आहे. तुम्ही विचारण्याआधीच सांगते, यावर आम्हाला घाबरवलं गेलं होतं: मिश्र श्रोते आहेत, मुली आहेत, ज्येष्ठ आहेत, हा विषय नको. आम्ही तो घेतला. वक्त्या बाईंनी शिवीचा अर्थ एका वाक्यात सरळ सांगितला, आवाज न चढवता, न लाजता, आणि तिथे न रेंगाळता पुढे गेल्या. लोक हसले नाहीत. त्यांनी पुढे जे दाखवलं त्याने सगळे पुढे सरसावून बसले. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०९ चा, म्हणजे ११८७ सालचा शिलालेख संस्कृतात आहे, पण शेवटी शापापाशी येताच भाषा बदलते: 'अथ तु जो कोणु हुवि ए शासन लोपी'. बाईंनी ही ओळ फळ्यावर लिहिली आणि काहीही न सांगता थांबल्या. मागून एक रिक्षाचालक दादा म्हणाले, "जो कोणी हे मोडेल." आठशे वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय वाचलं होतं. मग प्रश्न सुरू झाले: राजाने इथेच मराठी का वापरली? दान मोडायला येणाऱ्याला शाप समजलाच पाहिजे ना? मग वरचं संस्कृत कोणासाठी होतं? शिवी आईलाच का, बापाला का नाही? हा शेवटचा प्रश्न बारावीतल्या मुलीचा होता, आणि त्या सत्रातली सगळ्यात खोल चर्चा त्यावर झाली. विषय टाळला असता तर ती मुलगी हे कुठे विचारणार होती?

साहित्याच्या लोकांना वाटतं, इतिहासाकडे दगड आहेत, आमच्याकडे दाखवायला काय? तुमच्याकडे शब्द आहेत. एका वर्षी मराठीच्या सरांनी पाऊण तासात तुकोबांचा एकच अभंग घेतला, सगळ्यांना पाठ असलेला:

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें ।
शब्दांचींच शस्त्रें यत्न करूं ॥

सरांनी विचारलं, रत्नं घरात आहेतच, मग 'यत्न' हा शब्द शस्त्रांच्या वेळी का आला? पुढे 'शब्दें वाटूं धन जनलोकां' म्हटलंय, वाटून संपत नाही असं हे कुठलं धन? लोक विचारात पडले. तेवढ्यात कळव्याचे एक वारकरी काका उठले, रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. हात जोडून म्हणाले, "सर, आमच्या म्हणण्यात 'यत्न करूं' नाही. 'यत्नें करूं' आहे."

मी संयोजक म्हणून घड्याळाकडे पाहत होते. सरांनी मात्र खडू खाली ठेवला आणि दोन्ही पाठ फळ्यावर एकाखाली एक लिहायला त्या काकांनाच बोलावलं. 'यत्न करूं' घेतलं तर शब्दांची शस्त्रं हाती घेऊन आम्ही झटू, असा अर्थ लागतो. 'यत्नें करूं' घेतलं तर शस्त्रं तयार नाहीत, ती आम्ही मेहनतीने घडवू, असा अर्थ लागतो. एका मात्रेने लढणारा माणूस लोहार झाला. मग सर पोथ्यांकडे वळले: मौखिक परंपरा, लिहून घेणारा, नक्कल करणारा, १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यात दोन भागांत छापली गेलेली गाथा, आणि संपादकाला अनेक प्रतींतून एक पाठ निवडताना काय काय तोलावं लागतं. हे सगळं एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा म्हणून शिकवतात आणि मुलं जांभया देतात. इथे काकांच्या शंकेतून ते निघालं होतं, म्हणून दोनशे माणसं श्वास रोखून ऐकत होती. सरांनी शेवटी कुठला पाठ खरा ते सांगितलं नाही. आपल्याला कुठला जवळचा वाटतो आणि का, तेवढं सांगितलं. काका मान हलवत बसले, त्यांना ते पटलं नव्हतं, आणि चहाच्या वेळी दोघांचा वाद पुन्हा सुरू झाला. माझ्या सोळा वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं सत्र.

त्या दिवसानंतर मी वेळापत्रक बदललं. चाळीस मिनिटं बोलणं, पस्तीस मिनिटं प्रश्न. वक्ते तक्रार करतात. करू द्या.

नवी मुंबईत तुमच्याजवळ एक ठेवा आहे, तो ठाण्यापेक्षा तुम्हाला जवळ पडतो: आगरी लग्नातले धवळे, म्हणजे लग्नगीतं. घणसोली, दिवाळे, कोपरखैरणे, सिडकोच्या इमारतींच्या मधोमध ही गावं अजून नांदती आहेत, आणि तिथे हळदीला, मांडवाला धवळे म्हणणारी धवलारीण अजून भेटते. दुसरीकडे तेराव्या शतकातल्या महानुभाव महदंबेचे धवळे तुम्ही अभ्यासक्रमात शिकवता, तेही लग्नाच्या निमित्ताने रचलेले. शब्द एकच. ही दोन्ही एका व्यासपीठावर आणा. पण तीन गोष्टी सांभाळा. धवलारणीला 'नमुना' म्हणून दोन कडवी गायला लावून खाली बसवू नका. ती त्या विषयातली जाणकार आहे, खुर्ची शेजारी, नाव पत्रकात त्याच अक्षरांत, मानधन प्राध्यापकाइतकंच. दुसरं, 'महदंबेपासून आजपर्यंत अखंड परंपरा' असं वाक्य कोणी टाळ्यांसाठी टाकू नये. मधल्या सातशे वर्षांत काय काय हाती लागलं तर तसं म्हणता येईल, हे लोकांपुढे उलगडलं तर ते जास्त मोलाचं आहे. तिसरं, ध्वनिचित्रण करायचं असेल तर तिला आधी विचारा, कुठे दाखवणार ते सांगा, आणि ती नाही म्हणाली तर कॅमेरा बंद ठेवा. काही धवळे मांडवाबाहेर म्हणायचे नाहीत असं एका मावशींनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते मानलं.

ठाण्याची पहिली रेल्वे लोक स्वतःहून मागतील. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशेच्या आसपास प्रवासी, तीन इंजिनं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच सांगणारा वक्ता नको. प्रवासाला लागलेला वेळ कुठे सत्तावन्न मिनिटं छापलेला असतो, कुठे सव्वा तास. हे दोन आकडे शेजारी ठेवून, कोणी लिहिलं, कधी लिहिलं, पाहून की ऐकून, मधले थांबे धरून की सोडून, असे प्रश्न विचारायला शिकवणारा वक्ता शोधा. रोज आठ-सतराची लोकल पकडणारा श्रोता यात फार चांगले प्रश्न विचारतो.

तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, संगीत यांबद्दल मी कमी बोलते कारण माझा हात तिथे कमी चालतो. तत्त्वज्ञानाच्या आमच्या एका बाईंनी व्याख्यानच केलं नाही. आजारी माणसाला त्याचा आजार सांगावा का, एवढा प्रश्न ठेवला, वीस जणांना गोल बसवलं आणि प्रत्येकाच्या उत्तरामागचं गृहीतक फळ्यावर लिहीत गेल्या. ते छान झालं. वीसच्या वर माणसं घेऊ नका.

धर्म, जात, राजवटी यांवरचे विषय वादाचे होतील ही भीती खरी आहे. १३२१ साली ठाण्यात चार ख्रिस्ती भिक्षू मारले गेले, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतलं, हे आपल्याच गावचं आहे, ते वगळून गावचा इतिहास सांगता येत नाही. आमचा नियम असा होता: अशा सत्राची सुरुवात मताने करायची नाही, कागदाने करायची. मूळ मजकूर वाचायचा, लिहिणारा कोण आणि कोणाच्या बाजूचा ते सांगायचं, मग बोलायचं. सूत्रसंचालक अनुभवी ठेवा, प्राचार्य किंवा कुलसचिवांना विषय लेखी कळवा. ऐनवेळी त्यांना वर्तमानपत्रातून कळलं तर ते तुमच्या मागे उभे राहणार नाहीत.

आता लोक येतील का. येतील, पण त्यांच्या वाटेत आपण काय काय टाकून ठेवतो ते आधी बघा.

पहिली गोष्ट तुमचं फाटक. नवी मुंबईतल्या आवारांना अडथळ्याचा दांडा असतो, रखवालदार असतो आणि तो ओळखपत्र मागतो. पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा 'कुठे जायचंय, कोणाला भेटायचंय' एवढं ऐकून परत फिरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रखवालदारांना आदल्या दिवशी बसवून चहा द्या, दिवस काय आहे ते समजावा, आणि फाटकावर सकाळी नऊपासून दोन विद्यार्थी उभे करा. 'या, बसा, डावीकडे' एवढं म्हणणारं माणूस तिथे हवं.

दिवस शनिवारचा घ्या, दुसरा किंवा चौथा. बँका बंद असतात, २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांनाही शनिवारी सुट्टी असते, ऐरोली-महापेची आयटीवाली मंडळीही बहुतेक मोकळी असतात. रविवार नको, मेगाब्लॉक लागला की डोंबिवली-ठाण्याचा श्रोता ट्रान्स-हार्बरवर अडकतो. महिना म्हणाल तर दिवाळीनंतर आणि डिसेंबरच्या मध्याआधी. ऑक्टोबरात उकाडा आणि परीक्षा, जानेवारीत व्याख्यानमाला.

नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म ठेवा, पण सक्ती नको. एक फोन नंबर द्या आणि संध्याकाळी पाच ते सात तो उचलणारं माणूस ठेवा. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, वाचनालयांचे फलक, सोसायट्यांचे सूचनाफलक, शाळांतल्या मराठी-इतिहासाच्या शिक्षिका, वर्तमानपत्रांच्या शहर पुरवण्यांतलं 'आजचे कार्यक्रम'. व्हॉट्सॲपवर चित्र फिरतं आणि विसरलं जातं. सोसायटीच्या लिफ्टजवळ चिकटवलेला कागद पंधरा दिवस रोज दिसतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं येतील, त्यांना पुढच्या रांगेत बसवा, ती टिपणं घेतात आणि ते पाहून इतरही वही काढतात. कुठलं सत्र मराठीत, कुठलं हिंदीत, हे पत्रकात स्पष्ट लिहा. तुमच्याकडे हिंदीत एक तरी सत्र हवंच. आपल्या विद्यार्थ्यांवर हजेरीची सक्ती मात्र करू नका. यायचं ते येतील.

साठ हजारांत पहिला खर्च आवाजाचा. चांगला माइक, आणि प्रश्नांसाठी फिरता दुसरा माइक. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. मग सर्वांना सारखं मानधन, दोन वेळचा चहा-बिस्किटं, पिण्याचं पाणी, पत्रकांची छपाई. शाली, स्मृतिचिन्हं, फुलांची आरास यांना शून्य. मोठा फलक एक पुरे, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालाला फोटो लागतो तो त्यासमोर काढून घ्या. जेवणाचा घाट घालू नका, डबा आणा असं पत्रकातच लिहा, नाहीतर कँटीनमध्ये पैसे देऊन खाता येईल एवढं बघा. सत्रं तळमजल्यावर, स्वच्छतागृह जवळ, आणि एका वेळी दोनच खोल्या. आम्ही एका वर्षी पाच चालवल्या, तर प्रत्येक खोलीत अठरा माणसं आणि बाहेर कुठे जावं या गोंधळात उभी असलेली पन्नास.

वक्त्यांची तालीम घ्या. याला विरोध होईल, ज्येष्ठ प्राध्यापकांना अपमान वाटतो. 'तालीम' म्हणू नका, 'चहाला या आणि वस्तू दाखवा' म्हणा. तीन आठवडे आधी, आणि समोर बसवा ग्रंथालयातले कर्मचारी, कार्यालयातले लिपिक, दुसऱ्या शाखेचा एखादा शिक्षक. त्यांना कुठे कंटाळा आला ते प्रामाणिकपणे सांगायला सांगा. निबंध वाचून दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा. पडद्यावर दाखवायच्या स्लाइड्स दहाच्या वर नकोत. पहिल्या पाच मिनिटांत वस्तू समोर आली नाही तर पुन्हा बोलवा.

प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्या. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना दिलात तर ते स्वतःचं भाषण करतील आणि बायका, मुलं गप्प बसतील. बोलायला संकोचणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवा, मुलींचे निम्म्याहून जास्त प्रश्न आमच्याकडे चिठ्ठीवर यायचे. उत्तर येत नसेल तर वक्त्याने तसं म्हणावं. श्रोत्यांचा विश्वास तिथे वाढतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी फेरी ठेवता आली तर जरूर ठेवा. ठाण्यात मासुंदा तलाव, कौपीनेश्वर मंदिर आणि १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं प्रार्थनामंदिर एका फेरीत होतात. इथे आम्ही एकदा चुकलो, शनिवारी दुपारी तिथे गेलो. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी पाहुण्यांची गर्दी घेऊन जायचं नसतं. म्हणून फेरी रविवारी, साडेसातला, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत, आगाऊ परवानगी घेऊन, पंचवीस माणसांची. लांब जायची तयारी असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे १०६० चा लेख असलेलं. तिथे रोजची पूजा चालते, तेव्हा अभिषेकाची वेळ टाळा.

तुमच्याकडे अजून चार महिने असतील तर या आठवड्यात एवढंच करा: सहकाऱ्यांना विषय विचारू नका, प्रत्येकाला त्याच्या टेबलावरची एक वस्तू घेऊन यायला सांगा. आठ वस्तू जमल्या की त्यांतल्या सहा निवडा. गद्धेगाळीवर कोणी बोलायला तयार झालं, तर तिचं पूर्ण आकाराचं छायाचित्र कापडावर छापलेलं माझ्याकडे आहे. गुंडाळी रिक्षात आडवी मावते. आठ दिवस आधी सांगा, माळ्यावरून काढून ठेवते.